गाणी परत मिळतील, बाकीचं काय?

गाणी परत मिळतात. हे आधीच सांगून टाकतो, कारण बॅकअपचा विषय निघाला की प्रत्येक डीजे गाण्यांचंच घेऊन बसतो, माझ्याकडे एवढी हजार गाणी, तेवढे जीबी, तिसरी ड्राइव्ह पण भरत आली वगैरे. अरे पण गाणी दुकानात आहेतच ना. विकत घेतली असतील तर बऱ्याचदा त्याच अकाउंटमधून परत डाउनलोड होतात, नाही झाली तर परत विकत घेता येतात, खिशाला चाट बसते पण मिळतात. एखाद्या मित्राने खास करून दिलेली एडिट्स, स्वतः कापून-जोडून केलेले मिक्स, कुठल्यातरी बंद पडलेल्या लेबलची जुनी सीडी रिप केलेली, एवढं सोडलं तर तुमच्या लायब्ररीतलं जवळजवळ सगळं जगात दुसरीकडे कुठेतरी आहेच. जे दुसरीकडे कुठेच नाही ते म्हणजे त्या गाण्यांवर तुम्ही वर्षानुवर्षं बसून केलेलं काम, आणि गंमत अशी की बॅकअप घेताना नेमकं तेच मागे राहतं.

माझ्या लायब्ररीतलं एक गाणं घेऊ, नाव महत्त्वाचं नाही. 104 बीपीएम, म्हणजे मिनिटाला 104 ठोके, बीटग्रिड, म्हणजे ठोके कुठे पडतात ते दाखवणाऱ्या रेघा, हाताने सरळ केलेली, कारण खऱ्या ड्रमरने वाजवलेलं गाणं आहे आणि मधल्या भागात तो जरा पळतो. क्यू पॉइंट म्हणजे बटण दाबलं की गाणं थेट जिथून सुरू होतं ती खूण. पहिला इंट्रो संपतो तिथे, दुसरा गायिका सुरू व्हायच्या बरोब्बर आठ बीट आधी, तिसरा लाल रंगाचा, म्हणजे इथून पुढे जायचं नाही, कारण शेवटचं एक मिनिट नुसता संथ आलाप आहे आणि तेवढ्यात फ्लोअर रिकामा होतो. कमेंटच्या रकान्यात लिहिलंय: 'काका-मावशी जास्त असतील तर सोनं. पोरं जास्त असतील तर दुसऱ्या क्यूपासूनच. भाषणाच्या आधी कधीच नाही.' क्यू टाकायला पाच मिनिटं लागली असतील, ती कमेंट मात्र लिहायला किती कार्यक्रम गेले ते मोजलेलं नाही. भाषणाच्या आधी का नाही याच्यामागे एक अख्खी संध्याकाळ आहे, ती सांगत बसत नाही.

क्लबमधल्या डीजेचं एक बरं असतं, त्याला त्याचा आवाज ठरवता येतो, लोक त्याच्यासाठी येतात. आपण फिरते, म्हणजे मोबाइल डीजे, आपणच लोकांकडे जातो. एकाच फ्लोअरवर सहा वर्षांची मुलगी आणि तिची आजी, दोघींना नाचवायचं असतं, आणि मधेच कुणीतरी येऊन असं गाणं मागतो जे तुम्ही त्या वर्षात एकदाही वाजवलेलं नसतं. म्हणून आपली लायब्ररी फुगते. 320 केबीपीएसची एमपी थ्री मिनिटाला साधारण 2.4 एमबी घेते, म्हणजे चार मिनिटांचं गाणं दहा एमबीच्या आत, आणि अशी वीस हजार गाणी धरली की झाले जवळपास दोनशे जीबी. वेव फाइलमध्ये ठेवलीत तर चौपटीच्या वर. आणि या दोनशे जीबीवर तुम्ही घेतलेले सगळे निर्णय, म्हणजे प्लेलिस्ट, क्यू, तारे, रंग, कमेंट, एकत्र केले तर एखाद-दोन अल्बमएवढी जागा घेतील. एवढंसं असल्यामुळेच ते नजरेत येत नाही.

आता हे एवढंसं असतं कुठे, तर प्रत्येक डीजे सॉफ्टवेअरची तऱ्हा वेगळी. सेराटो क्यू पॉइंट आणि ग्रिड गाण्याच्या फाइलमध्येच टॅगमध्ये लिहून ठेवतं, त्यामुळे फाइल जिथे जाईल तिथे क्यू जातात, पण क्रेट, म्हणजे सेराटोमधल्या प्लेलिस्ट, मात्र वेगळ्या सेराटो फोल्डरमध्ये असतात, आणि तो फोल्डर लॅपटॉपवर एक आणि प्रत्येक एक्स्टर्नल ड्राइव्हवर एकेक असा विखुरलेला असतो. ट्रॅक्टर सगळं एका कलेक्शन फाइलमध्ये ठेवतं, उघडून बघितलीत तर साधा एक्सएमएल मजकूर आहे. व्हर्च्युअल डीजेचं पण तसंच, डेटाबेसची फाइल, दर ड्राइव्हला स्वतःची. रेकॉर्डबॉक्स नव्या आवृत्त्यांमध्ये एन्क्रिप्ट केलेला डेटाबेस ठेवतं, आणि तुम्ही मुद्दाम हलवला नसेल तर तो लॅपटॉपच्या आत कुठेतरी खोल फोल्डरमध्ये पडलेला असतो. म्हणजे गाणी बाहेरच्या ड्राइव्हवर आणि मेंदू लॅपटॉपमध्ये. असा माणूस दर आठवड्याला इमानेइतबारे ती ड्राइव्ह दुसऱ्या ड्राइव्हवर कॉपी करतो आणि निवांत झोपतो. लॅपटॉप गेला की त्याच्याकडे वीस हजार गाणी असतात, सगळी सुखरूप, आणि त्यातलं एकही कधी वाजवलंय असं कुठे दिसत नाही.

म्हणून सॉफ्टवेअरच्या मेनूमध्ये जो लायब्ररी बॅकअपचा पर्याय असतो तो वापरा, फोल्डर ओढून टाकण्यावर भागवू नका. तो विचारतो गाणी पण घेऊ का, तेव्हा पहिल्यांदा हो म्हणा, नंतर नुसता डेटाबेस घेतलात तरी चालतं, आणि तो एवढा छोटा असतो की दर कार्यक्रमानंतर तारीख टाकून एक प्रत ठेवायला काही जात नाही. जुन्या तारखांच्या प्रती उडवायची घाई पण करू नका. डेटाबेस खराब होतो तेव्हा तो सांगून होत नाही, आठवडाभराने लक्षात येतं की अमुक प्लेलिस्ट अर्धीच आहे, आणि तोवर कालचा बॅकअपसुद्धा त्याच अर्ध्या प्लेलिस्टचा झालेला असतो.

इथेच सिंक आणि बॅकअपमधला फरक येतो, आणि तो किती लोकांना माहीत नसतो ते बघून मला खरंच आश्चर्य वाटतं. सिंक म्हणजे दोन्हीकडे सारखं. इकडे फोल्डर चुकून उडवला की तिकडेही इमानदारीने उडतो. मिरर कॉपी मारणारी सॉफ्टवेअर पण तेच करतात, मूळ जागी जे नाही ते प्रतीमधूनही काढून टाकतात, कारण त्यांना तेच काम दिलेलं असतं. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये उडवलेली फाइल 30 दिवस राहते, मग कायमची जाते, आणि आपल्या धंद्यात एखादा फोल्डर दोन-तीन महिने उघडलाच जात नाही हे अगदी नेहमीचं आहे, सीझन नसला की कोण बघतंय. सिंक सोयीसाठी ठेवा, मी पण ठेवतो, पण त्याला बॅकअप म्हणू नका. सेराटोवाल्यांना क्लाउडचा आणखी एक ताप असतो. क्यू फाइलच्या आत लिहिले जातात म्हटल्यावर क्यू हलवला की फाइल बदलली, आणि अख्खी लायब्ररी नव्याने अॅनालाइज केली, म्हणजे सॉफ्टवेअरला ग्रिड वगैरे परत काढायला लावलं, की क्लाउडच्या दृष्टीने सगळीच गाणी बदलली, मग बसा परत अपलोड करत. 10 एमबीपीएस अपलोडवर दोनशे जीबी म्हणजे सलग 44 तास, तेही लाइन मधे पडली नाही तर.

मग ड्राइव्हबद्दल. हार्ड डिस्क पडली की जाते हे सगळ्यांना माहितीये, पण हार्ड डिस्कला ऐकू येतं हे डीजेने तरी नक्की माहीत करून घ्यावं. 2008 मध्ये ब्रेंडन ग्रेग नावाच्या इंजिनिअरने एक व्हिडिओ टाकला होता, त्यात तो सर्व्हरच्या डिस्कवर तोंड नेऊन जोरात ओरडतो आणि समोरच्या ग्राफवर डिस्क अडखळलेली दिसते. आणि 2022 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या रेमंड चेनने एक जुना किस्सा लिहिला, विंडोज एक्सपीच्या काळातला, की जॅनेट जॅक्सनच्या 'रिदम नेशन'चा व्हिडिओ लावला की काही लॅपटॉप बंद पडायचे, एवढंच नाही तर शेजारी नुसता ठेवलेला दुसरा लॅपटॉपही बंद पडायचा. त्या गाण्यातली एक फ्रिक्वेन्सी 5400 आरपीएमच्या विशिष्ट हार्ड डिस्कच्या नैसर्गिक कंपनाशी जुळत होती. शेवटी कंपनीने आवाजातून ती फ्रिक्वेन्सीच गाळणारा फिल्टर बसवला. आता विचार करा, आपण लॅपटॉप ठेवतो कुठे, तर त्याच टेबलावर ज्याच्याखाली सबवूफर दणाणत असतो. कार्यक्रमाला एसएसडीच, म्हणजे आत काहीच न फिरणारी ड्राइव्ह, न्यावी, यावर माझ्याशी वाद घालू नका. फिरती हार्ड डिस्क घरी कपाटात ठेवायला उत्तम, स्वस्तात भरपूर जागा देते. आणि उलट, एसएसडी वर्षानुवर्षं करंटशिवाय कपाटात टाकून ठेवायची नाही, तिच्यातला चार्ज हळूहळू झिरपतो. प्रत्येकाची जागा वेगळी.

पीटर क्रोग नावाच्या फोटोग्राफरने रूढ केलेला 3-2-1 चा नियम तुम्ही ऐकला असेलच, तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या जागी. डीजे लोक पहिले दोन आकडे जमवतात आणि शेवटच्या एकाशी मार खातात, कारण लॅपटॉप, एसएसडी आणि पेनड्राइव्ह, तिन्ही एकाच बॅगेत आणि ती बॅग एकाच गाडीत. गाडीची काच फुटली की तीन-दोन-एक-शून्य. कार्यक्रमाला नेलेली कुठलीही वस्तू मी बॅकअप म्हणून धरतच नाही, ती स्पेअर. दोन सारख्या यूएसबी नेणं चांगलंच आहे, एक प्लेअरला लावलेली, एक खिशात, पण ती रात्र निभावण्यासाठी. आणि त्या यूएसबी कुठल्या फॉरमॅटमध्ये, म्हणजे फाइल मांडून ठेवायच्या कुठल्या पद्धतीत, आहेत ते आधी बघा, बऱ्याच जुन्या प्लेअरना एक्सफॅट वाचताच येत नाही, फॅट-32 लागतं, आणि विंडोजचा नेहमीचा फॉरमॅटचा पर्याय कित्येक वर्षं 32 जीबीच्या वर फॅट-32 द्यायचाच नाही, त्यामुळे लोक नकळत एक्सफॅट करून बसतात आणि दुसऱ्याच्या सेटअपवर पोचल्यावर प्लेअर यूएसबी ओळखतच नाही.

हे झालं सांभाळण्याचं. पण मला जास्त बोलायचंय ते वाटण्याबद्दल, कारण तिथे कुणी स्पष्ट बोलत नाही.

नवीन पोरं येतात, चांगली असतात, सामान उचलायला मदत करतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत विचारतात, 'दादा, तुमची लायब्ररी देता का, ड्राइव्ह आणलीये मी.' यात त्याला काही चूक वाटत नाही, कारण त्याला कुणी कधी नाही म्हटलेलं नसतं, आणि खरं सांगायचं तर आमच्या पिढीतल्या अर्ध्या लायब्रऱ्या अशाच सुरू झाल्या, या ड्राइव्हवरून त्या ड्राइव्हवर. तरी मी नाही म्हणतो. कायद्याचं कारण आहेच. गाणं विकत घेतलं म्हणजे ते ऐकायची परवानगी घेतली, लोकांपुढे वाजवायची परवानगी वेगळी, आणि प्रत काढून दुसऱ्याला द्यायची तर त्याहून वेगळी, जी आपल्याला जवळपास कधीच मिळालेली नसते. रेकॉर्ड पूलच्या, म्हणजे वर्गणी भरून डीजेंना गाणी देणाऱ्या सेवांच्या, अटींमध्ये सहसा स्पष्टच असतं की डाउनलोड त्या सभासदाच्या वापरासाठी, पुढे वाटायचं नाही. पण त्या पोराला मी हे कायद्याचं कीर्तन ऐकवत नाही, त्याला मी वेगळं सांगतो, की बाबा रे, वीस हजार अनोळखी गाणी घेऊन तू करणार काय? माझ्या त्या 104 बीपीएमवाल्या गाण्याच्या तिसऱ्या क्यूवर लाल रंग का आहे हे तुला कळणार नाही, तू तिथून पुढे जाशील आणि फ्लोअर रिकामा होईल. वीस हजारांत तुझं गाणं तुला सापडणारसुद्धा नाही, सर्च करायला आधी नाव तर माहीत पाहिजे. तीनशे गाणी स्वतः निवडलेला डीजे वीस हजार उचलून आणलेल्या डीजेपेक्षा बरा वाजवतो, हे मी कित्येकदा पाहिलंय.

त्याला द्यायला माझ्याकडे दुसरं काहीतरी असतं, यादी. प्लेलिस्ट टेक्स्ट म्हणून एक्सपोर्ट होते, सेराटोमधून त्या रात्रीची हिस्टरी बाहेर काढता येते, कुठलं गाणं किती वाजता, कशानंतर काय, सगळं. त्यात माझी कमेंट असते. ती यादी माझी आहे, गाणी माझी नाहीत, त्यामुळे यादी मी कुणालाही देतो, अगदी जो माझ्याच तारखा पळवणार आहे त्यालाही. काही जुने लोक यावर चिडतात, म्हणतात सेट लिस्ट म्हणजे आपली पोतडी, ती काय उघडायची. मला ते पटत नाही. समोरची माणसं बदलली की तीच यादी आपटते, तेव्हा त्यात लपवण्यासारखं काय आहे?

क्यूसुद्धा देता येतील असं वाटतं, पण इथे एक मजेशीर भानगड आहे. एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात क्यू नेणारी कन्व्हर्टर मिळतात, ट्रॅक्टरमधून रेकॉर्डबॉक्समध्ये वगैरे, पण काही एमपी थ्री फाइलींमध्ये सगळे क्यू 26 मिलीसेकंद सरकतात. हा आकडा कुठून आला? एमपी थ्रीची एक फ्रेम 1152 सॅम्पलची असते, 44.1 किलोहर्ट्झला म्हणजे 26 मिलीसेकंदाला जरा जास्त, आणि फाइलच्या सुरुवातीची एक फ्रेम धरायची की सोडायची यावर दोन सॉफ्टवेअरचं एकमत नाही. 26 मिलीसेकंद ऐकायला काहीच वाटत नाही, पण दोन किक ड्रम एकमेकांवर एवढ्या फरकाने पडले की डबल ठोका ऐकू येतो आणि नाचणाऱ्याला नेमकं काय बिघडलं ते कळत नसलं तरी पाय अडखळतो. आणि त्याने तेच गाणं दुसऱ्या दुकानातून घेतलं असेल तर सुरुवातीची शांतता कमी-जास्त असू शकते, मग माझा क्यू त्याच्या फाइलवर भलतीकडेच. म्हणून 'दुसऱ्या कडव्याच्या आधी आठ बीट' हे लिहून दिलेलं जास्त टिकतं. आकडे त्या फाइलपुरते, वाक्य कुठेही चालतं.

एकाच ग्रुपमध्ये दोघं-तिघं डीजे काम करतात तिथलं शेअरिंग वेगळं, तिथे रोजचंच काम आहे. तिथे माझा अनुभव असा की लिहिणारा एकच पाहिजे. बाकीच्यांनी वाचायचं. दोघांनी एकाच क्लाउड फोल्डरमधला डेटाबेस एकाच वेळी उघडला की ड्रॉपबॉक्स त्याची कॉन्फ्लिक्टेड कॉपी करून ठेवतो, आणि मग खरा डेटाबेस कुठला यावर भांडणं. त्यापेक्षा ज्याला नवीन गाणं टाकायचंय त्याने ते 'इनबॉक्स' नावाच्या फोल्डरमध्ये टाकावं आणि मास्टर लॅपटॉपवाल्याने आठवड्यातून एकदा बसून आत घ्यावं, नाव नीट करून, एकाच गाण्याच्या चार प्रती असतील तर तीन उडवून. ज्याच्याकडे हे काम येतं तो कुरकुरतो, पण तोच हळूहळू ग्रुपमधला सगळ्यात चांगला डीजे होतो, कारण प्रत्येक गाणं त्याच्या कानाखालून गेलेलं असतं.

प्रती जगभर पसरलेल्या असण्याचा फायदा काय असतो याचं मला नेहमी मायस्पेसचं उदाहरण आठवतं. 2019 मध्ये त्यांनी मान्य केलं की सर्व्हर बदलताना 2015 पर्यंत अपलोड झालेलं संगीत गेलं, पाच कोटींच्या आसपास गाणी. त्यातल्या कितीतरी पोरांच्या बँडने दुसरी प्रत ठेवलेलीच नव्हती, तिथे आहे ना मग झालं. नंतर इंटरनेट आर्काइव्हवर 4 लाख 90 हजार गाणी परत आली, कारण अभ्यासकांच्या एका गटाने 2008 ते 2010 मध्ये संशोधनासाठी ती उतरवून ठेवली होती. शंभरातलं जेमतेम एक वाचलं, तेही दुसऱ्याच कुणाच्या कामामुळे. हे वाचल्यापासून मित्रांनी बनवून दिलेली एडिट्स मी त्यांना दर वर्षी परत पाठवतो, तुझी तुझ्याकडे आहे का बघ म्हणून. बऱ्याचदा नसते.

स्ट्रीमिंगवाले म्हणतील कशाला ही कटकट, सगळं ऑनलाइन आहे. 1 जुलै 2020 ला स्पॉटिफायने डीजे सॉफ्टवेअरमधून अंग काढून घेतलं तेव्हा ज्यांच्या प्लेलिस्ट त्यावर उभ्या होत्या त्यांना विचारा. 2025 मध्ये ते परत आले, छान झालं, रिक्वेस्टचं गाणं शोधायला मी पण स्ट्रीमिंग वापरतो. पण कार्यक्रमाचा कणा दुसऱ्याच्या सर्व्हरवर आणि हॉलच्या वायफायवर ठेवायची माझी छाती नाही.

राहिलं एक काम जे कुणीच करत नाही, बॅकअप उघडून बघणं. माझ्याकडे एक जुना लॅपटॉप आहे, कार्यक्रमाला न्यायच्या लायकीचा राहिलेला नाही, त्यावर मी अधूनमधून बॅकअपवरून सगळी लायब्ररी उभी करतो आणि डोळे मिटून कुठलीही गाणी लोड करत बसतो. ड्राइव्हचं अक्षर बदललं की काय होतं ते इथेच कळतं, विंडोजने ई ऐवजी एफ दिलं की सगळ्या गाण्यांपुढे उद्गारचिन्हांची रांग. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन अक्षर पक्कं करून टाकायचं, दोन मिनिटांचं काम. गेल्या खेपेला एवढं करूनही दोन गाणी उघडेनात. मूळ लायब्ररी मॅकवरची, आणि त्या दोन्हींच्या फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह होतं, मॅकला ते चालतं, विंडोजला फाइलच्या नावात चालत नाही, म्हणून कॉपी होताना ती दोन मुकाट्याने गळाली होती. नावं बदलली, परत कॉपी केली, लोड करून ऐकली. त्यातलं एक इतकं भिकार निघालं की क्यू, कमेंट, तारे काहीच त्यावर नव्हतं, कधी घेतलं तेही आठवेना. ते सगळ्या ड्राइव्हवरून उडवलं.